पशुपतिनाथाची वाट आणि पाहुण्याचा धर्म

पंढरीची वारी, काशी-प्रयाग-गया ही त्रिस्थळी आणि आयुष्यात एकदा तरी रामेश्वर, अशी यात्रेची क्रमवारी महाराष्ट्रातील भाविकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या ठसलेली आहे. गेल्या काही दशकांत या क्रमवारीत आणखी एका स्थानाची भर पडली आहे. ते स्थान म्हणजे नेपाळची राजधानी काठमांडू येथील श्री पशुपतिनाथ. नावडे येथे देवदर्शनास येणाऱ्या भाविकांकडून देवस्थानच्या कार्यालयात वरचेवर विचारणा होते : गोरखपूरहून पुढे मोटारीने जाता येते काय, किती दिवस लागतात, पारपत्र लागते काय, आपले पैसे तेथे चालतात काय?

या प्रश्नांची उत्तरे पुढे यथावकाश दिली आहेत. परंतु त्याआधी एका प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. तो कार्यालयात सहसा कोणी विचारत नाही, आणि प्रवासात मात्र तोच पदोपदी उभा राहतो. दुसऱ्या देशातील देव जर आपला असेल, तर त्याच्या दर्शनास निघालेला भाविक आपल्याच घरी जात असतो की दुसऱ्याच्या?

देव सर्वांचा, गाव कोणाचे?

पुष्कळ श्रद्धाळू या प्रश्नाचे उत्तर क्षणाचाही विचार न करता देतात. देव सर्वांचा आहे, सीमा माणसांनी आखल्या, नेपाळ आणि भारत यांत भेद तो काय? या उत्तरात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरातील भट्ट पुजारी परंपरेने दक्षिण भारतातून, विशेषतः कर्नाटकातून, येत आले आहेत. सीतामाईचे माहेर मानले जाणारे जनकपूर आज नेपाळमध्ये आहे. भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनीही तेथेच आहे. श्रद्धेच्या नकाशावर या दोन देशांमधील रेषा खरोखरच पुसट आहे.

तथापि देव आणि देवाचे गाव यांत अंतर आहे. गाभाऱ्यातील देव सर्वांचा असला, तरी गावातील नळाचे पाणी गावकऱ्यांचे असते. घाटरस्ता त्यांच्या कराच्या पैशातून दुरुस्त होतो. नदीकाठची स्मशानभूमी त्यांच्या वाडवडिलांची असते. भाविक चार दिवस राहून परत येतो. त्याने मागे टाकलेला कचरा आणि बोललेले शब्द मात्र तेथेच राहतात. आपल्याकडील तीर्थक्षेत्रांच्या रहिवाशांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मोठ्या यात्रेनंतर गाव स्वच्छ करण्यासाठी राबणाऱ्यांना यात्रेकरूच्या भक्तीची दुसरी बाजूही ठाऊक असते.

आपलेपणाची भावना मोठी खरी. पण तिच्या आडून हक्क शिरतो. ‘हे सारे आपलेच आहे’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा त्याच श्वासात रांग मोडतो, दुकानदाराशी चढ्या आवाजात बोलतो आणि आपल्या भाषेत उत्तर मिळाले नाही की रागावतो. परक्याच्या घरी जो संकोच त्याने पाळला असता, तो ‘आपल्या’ घरी त्याला पाळावासा वाटत नाही. म्हणून आपलेपणाने माणसाचा हक्क वाढतो की त्याची जबाबदारी, हा या लेखाचा खरा विषय आहे.

व्याह्यांचे घर

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मराठी कुटुंबात एक असे घर असते, जे परके नसते आणि स्वतःचेही नसते. ते म्हणजे व्याह्यांचे घर. तेथे आपली लेक नांदत असते. जिव्हाळ्यात काही उणे नसते. तरीही लेकीचा बाप तेथे पायरी चढताना आवाज खाली आणतो. स्वयंपाकघरात डोकावत नाही. जेवणात मीठ कमी असले तरी ‘आमच्याकडे असे करतात’ हे वाक्य तो ओठांपर्यंत येऊ देत नाही. नातू होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणीही न पिण्याची रीत जुन्या पिढीत पाळली जाई. ती रीत आज मागे पडली, आणि ते योग्यच झाले. परंतु तिच्या मुळाशी असलेली जाण मोलाची होती. नाते जितके नाजूक, तितका आपला भार त्या घरावर कमी पडावा, अशी ती जाण होती.

नेपाळशी आपले नाते असेच सोयरिकीचे आहे. सीतेचे माहेर आणि सासर यांच्यामधून आज आंतरराष्ट्रीय सीमा जाते, एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी पुरे. सोयऱ्यांच्या घरी मनुष्य परकेपणाने वागत नाही आणि मालकासारखाही वागत नाही. आपल्याकडे अतिथीला देव मानावे ही शिकवण तैत्तिरीय उपनिषदाने दिली. पण ती यजमानाला उद्देशून आहे. तिचा आधार घेऊन पाहुण्याने स्वतःच स्वतःला देव मानू लागणे हा त्या शिकवणीचा विपर्यास होय. यजमानाचा धर्म सांगणारी वचने आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पाहुण्याचा धर्म मात्र घरातील थोरांच्या वागण्यावरूनच शिकावा लागतो.

मराठी माणूस या वाटेने केवळ यात्रेकरू म्हणून गेला आहे असेही नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज फौजेचा पाठलाग चुकवीत १८५९ च्या सुमारास नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. पुढे पेशवे कुटुंबातील स्त्रियांना काठमांडूत आसरा मिळाला. अवधच्या बेगम हजरत महल यांनाही तेथेच आश्रय मिळाला आणि १८७९ मध्ये तेथेच त्यांचा देह पडला. त्या काळी नेपाळचे सूत्रधार असलेले जंगबहादूर राणा यांनी उठाव मोडण्यास इंग्रजांना साहाय्य केले होते, हाही इतिहास आहे. राजकारणाचे हिशेब असे गुंतागुंतीचे असतात. परंतु ज्या शहराने आपल्या पदच्युत घराण्याला छप्पर दिले, त्या शहरात शिरताना मराठी भाविकाची मान थोडी झुकलेली असावी, हे उचितच आहे.

त्या शहराचे नावही या संदर्भात बोलके आहे. काठमांडू हे नाव काष्ठमंडप या जुन्या लाकडी वास्तूवरून पडले. एकाच वृक्षाच्या लाकडातून ती उभारली गेली, अशी लोककथा आहे. ही वास्तू म्हणजे मुळात वाटसरूंच्या विसाव्याची जागा होती, आपल्याकडील धर्मशाळेसारखी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काष्ठमंडप कोसळला आणि नंतर स्थानिक लोकांच्या पुढाकाराने पुन्हा उभा राहिला. ज्या नगरीने वाटसरूंच्या निवाऱ्याचे नाव धारण केले, तिला पाहुण्यांचे वावडे असणार नाही. तिच्या अगत्याला आपण पात्र आहोत काय, एवढेच पाहायचे.

एकाच कराराची दोन दारे

भारतीय भाविकास नेपाळमध्ये जाण्यास प्रवेशपरवाना लागत नाही, याचे पुष्कळांना अप्रूप वाटते. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमान्वये एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत परस्पर सवलती देण्याचे ठरले. पशुपतिनाथाची यात्रा इतकी सुलभ आहे ती या व्यवस्थेमुळे.

परंतु दार एका बाजूनेच उघडत नाही. ज्या दाराने आपला भाविक तिकडे जातो, त्याच दाराने तेथील तरुण पोटासाठी इकडे येतो. नावडे, तळोजा, कळंबोली, खारघर या परिसरात सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येक इमारतींच्या फाटकाशी रात्रभर जागणारा पहारेकरी नेपाळचा असतो. रस्त्याकडेच्या खाद्यगाड्यांवर आणि उपाहारगृहांच्या भटारखान्यांत राबणारे हातही पुष्कळदा तिकडचेच असतात. यांपैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक असतात? कोणाला ‘गुरखा’, कोणाला ‘बहादूर’ म्हटले की काम भागते. गुरखा हे त्याचे नाव नाही. तो शब्द गोरखा या गावाच्या नावावरून आला. पहाऱ्यावरील मनुष्य त्या गावचा असतोच असेही नाही.

येथे नैतिक प्रश्न अधिक धारदार होतो. जो भाविक काठमांडूत ‘आपण सारे एकच’ असे म्हणतो, तो आपल्या इमारतीच्या फाटकाशी तेच वाक्य म्हणावयास तयार आहे काय? आपण त्यांच्या घरी गेलो की नाते आठवायचे आणि ते आपल्या घरी आले की नावही विचारायचे नाही, याला सोयरीक म्हणत नाहीत. पशुपतिनाथाच्या यात्रेची खरी तयारी सोनौलीच्या नाक्यावर सुरू होत नाही, ती आपल्या दारापाशी सुरू होते. निघण्याआधी फाटकावरील त्या माणसाला त्याचे नाव, त्याचा जिल्हा, घरी कोण कोण आहे हे विचारावे. मार्गाची माहितीही त्याच्याकडूनच पुष्कळ मिळेल.

वाटेचा तपशील

आता व्यवहाराकडे वळू. नावडे परिसरातून गोरखपूर रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून अधिक आहे. स्वतःच्या मोटारीने एवढे अंतर एका दमात कापण्याचा अट्टहास करू नये. पनवेलहून गोरखपूरला थेट रेल्वेगाडीची सोय आहे. गोरखपुरापर्यंत रेल्वेने आणि पुढे मोटारीने, हा मार्ग ज्येष्ठांना अधिक मानवतो. गोरखपूरहून सोनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. सीमेपलीकडे भैरहवा, बुटवल, नारायणगढ, मुगलिंग असा मार्ग काठमांडूस जातो. सोनौली ते काठमांडू हे अंतर सुमारे २७० किलोमीटर असले, तरी घाटरस्त्यामुळे आठ ते दहा तास धरावेत. त्याहून अधिक लागले तर त्रागा करू नये. बिहारमधून येणाऱ्यांस रक्सौल-वीरगंज ही सीमा सोयीची पडते.

प्रौढ व्यक्तीने पारपत्र अथवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ बाळगावे. आधारपत्र ओळखीसाठी चालण्याची सवलत १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांच्यापुरती आहे, असे २०२० मध्ये स्पष्ट करण्यात आले होते. असे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्यांची खातरजमा करून घ्यावी.

वाहन नेणाऱ्यांनी नोंदणी प्रमाणपत्र, वाहन परवाना आणि विम्याची मूळ कागदपत्रे ठेवावीत. सीमेवर ‘भन्सार’ अशी पाटी दिसेल. भन्सार म्हणजे जकात कार्यालय. तेथे वाहनासाठी दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. तो घेताना एक-दोन दिवस अधिक धरावेत, कारण मुदत उलटल्यास दंड होतो. आपल्याकडील वाहन विमा मुळात भारताच्या हद्दीपुरता असतो. जादा हप्ता भरून त्याची व्याप्ती नेपाळपर्यंत वाढवून मिळते. विमा कंपनीकडून तशी नोंद करून घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नये. स्वतःबरोबर दुसऱ्याचीही हानी होऊ शकते, आणि ती भरून देण्याची तजवीज आधी करून ठेवणे हाही पाहुण्याच्या धर्माचाच भाग आहे. गाय हा नेपाळचा राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोवध तेथे दंडनीय अपराध आहे. रस्त्यावर जनावरे आढळतात, तेव्हा वेग आवरावा.

जून ते सप्टेंबर या काळात त्रिशूली आणि मर्स्यांगदी नद्यांच्या खोऱ्यात दरडी कोसळतात. शक्य असल्यास दिवाळीनंतर अथवा वसंतात जावे. घाटात रात्रीचा प्रवास टाळावा. ज्याच्या हाती सर्वांचे प्राण असतात, त्या चालकाला पुरेशी झोप आणि सर्वांबरोबर ताजे जेवण मिळाले पाहिजे. ‘आज रात्रीच पोहोचू, पहाटे काकडआरती साधू’ असा आग्रह त्याच्यावर लादणे ही भक्ती होत नाही. देव दुपारीही देव असतो.

देशात अकस्मात काही घडले, तर बेत बदलण्याचीही तयारी ठेवावी. सप्टेंबर २०२५ मधील अशांततेत काठमांडूचा विमानतळ काही काळ बंद राहिला आणि अनेक भारतीय यात्रेकरू अडकून पडले. अशा वेळी ‘आमची सोय आधी करा’ असा हट्ट धरू नये. ज्यांच्या घरात दुःख आहे, त्यांच्या अंगणात पाहुण्याने शांत बसावे, भारतीय वकिलातीच्या सूचना पाळाव्यात आणि राहत्या ठिकाणीच थांबावे.

घड्याळ, नाणे आणि भाषा

नेपाळचे घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटे पुढे आहे. पुष्कळ प्रवासी ते बदलत नाहीत. पंधरा मिनिटांनी काय बिघडते, असे त्यांना वाटते. परंतु सीमा ओलांडताच घड्याळाचा काटा पुढे करणे ही लहानशी कृती अर्थपूर्ण आहे. आता आपण दुसऱ्यांच्या वेळेनुसार वागणार आहोत, याची ती कबुली आहे. तेथील व्यवहारात विक्रम संवत चालतो आणि शनिवार हा परंपरेने सुटीचा वार आहे. कार्यालयीन कामे त्या बेताने ठेवावीत.

नाण्याचा हिशेब सोपा आहे. भारतीय १०० रुपयांस नेपाळी १६० रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे. शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती. नंतर त्यात शिथिलता आणण्याचे निर्णय झाले. तरी निघताना प्रचलित नियम पाहावा आणि शंभराच्या नोटा अधिक ठेवाव्यात. मार्च २०२४ पासून काही दुकानांत भारतीय यूपीआयनेही पैसे देता येतात. भाव विचारताना तो नेपाळी रुपयांत की भारतीय रुपयांत, हे आधीच विचारून घ्यावे. बहुतेक भांडणे येथूनच सुरू होतात. त्या देशाचे नाणे बदलून घेऊन त्याच नाण्यात व्यवहार करणे अधिक शोभते. आपली नोट दुकानदाराने नाकारली, तर त्यात आपल्या देशाचा अपमान झाला असे मानण्याचे कारण नाही.

मराठी भाविकाला एक सोय अधिक आहे. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. त्यामुळे दुकानांच्या पाट्या, गावांची नावे, सूचनाफलक सारे वाचता येते. मात्र पाटी वाचता आली म्हणजे भाषा कळली असे होत नाही. ‘खाजा’ हा शब्द वाचून मराठी माणसाला गोड पदार्थ आठवतो. तेथे त्याचा अर्थ मधल्या वेळचे खाणे असा आहे. अक्षरे ओळखीची आणि अर्थ निराळा, हाच अनुभव माणसांच्या बाबतीतही येतो. म्हणून विचारावे, ऐकावे. वयाने मोठ्या पुरुषास ‘दाजु’ आणि स्त्रीस ‘दिदी’ म्हणावे. लहानांस ‘भाइ’, ‘बहिनी’ म्हणावे. एवढ्या चार शब्दांनी जे काम होते, ते चढ्या आवाजातील हिंदीने होत नाही.

देवळाच्या आवारात

श्री पशुपतिनाथाचे मंदिर बागमती नदीच्या तीरावर आहे. काठमांडूच्या खोऱ्यातील हा परिसर १९७९ पासून जागतिक वारसास्थळांत समाविष्ट आहे. गाभाऱ्यात चतुर्मुख लिंग असून चारही दिशांनी दर्शन होते. मुख्य आवारात चर्माच्या वस्तू नेण्यास आणि छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. परिसराची व्यवस्था पशुपति क्षेत्र विकास कोष ही संस्था पाहते. देणगी अधिकृत ठिकाणी देऊन पावती घ्यावी. भट्ट पुजारी दक्षिणेतून आलेले असले, तरी त्यांना साहाय्य करणारे भंडारी स्थानिक असतात. पूजा करणारा दूरदेशीचा आणि देवालय सांभाळणारा गावचा, ही जुनी घडी पाहुणा व यजमान यांच्या मर्यादा फार सुरेख सांगते.

मंदिरालगतच आर्यघाट आहे. तेथे अखंड चिता जळत असतात. पलीकडच्या काठावर उभे राहून भ्रमणध्वनीने त्या चितांची छायाचित्रे टिपणारे यात्रेकरू नित्य दिसतात. आपल्या आईबापांच्या अंत्यविधीचे चित्रण एखाद्या अनोळखी माणसाने केलेले आपणांस चालेल काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. त्या काठावर हात जोडून दोन क्षण उभे राहावे. तेच तेथील दर्शन होय.

बौद्धनाथ आणि स्वयंभूनाथ येथील स्तूपांना उजवी घालून प्रदक्षिणा करावी. पथ्यपाण्याचे डबे सोबत नेल्यास रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात. बागमतीत निर्माल्य अथवा प्लास्टिक टाकू नये. निवासासाठी भारत सरकारच्या साहाय्याने उभारलेली ४०० खाटांची नेपाळ-भारत मैत्री पशुपति धर्मशाळा ३१ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाली आहे. दोन देशांनी मिळून यात्रेकरूंसाठी बांधलेले ते छप्पर आहे. तेथे राहताना आपण देणाऱ्यांपैकी आहोत अशा तोऱ्यात राहू नये. धर्मशाळेत उतरणारा प्रत्येक जण घेणाराच असतो.

मर्स्यांगदीचा काठ

काही जण म्हणतील, ‘आम्ही पैसे मोजतो. गाडीचे भाडे, खोलीचे भाडे, जेवणाचे दाम. मग उपकार कसले आणि पाहुणचार कसला? ग्राहक आणि दुकानदार एवढाच संबंध आहे.’ या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर देता येईल. परंतु महाराष्ट्राला त्याचे उत्तर एका दुःखद दिवशी मिळाले आहे.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. बसमधील यात्रेकरू जळगाव जिल्ह्यातील वरणगाव, भुसावळ या भागांतील होते. या अपघातात २७ जणांचे प्राण गेले. नेपाळचे लष्कर, सशस्त्र पोलीस दल आणि स्थानिक रहिवासी बचावासाठी धावले. जखमींना हेलिकॉप्टरने काठमांडूच्या रुग्णालयात हलविण्यात आले. पुढे भारतीय वायुदलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणण्यात आले. एकाच पंचक्रोशीतून एवढ्या अंत्ययात्रा निघाल्या. तो दिवस खानदेश विसरणार नाही.

त्या दरीत उतरलेल्या गावकऱ्यांना कोणी भाडे दिले नव्हते. पाण्याच्या लोंढ्यातून ज्यांना ते बाहेर काढत होते, त्यांची भाषा त्यांना येत नव्हती, नावे ठाऊक नव्हती. अपघाताची जागा आबुखैरेनीच्या परिसरातली. गोरख्याकडे जाणारा फाटा तेथेच लागतो. ज्यांना आपण आयुष्यभर केवळ ‘गुरखा’ म्हणून हाक मारली, त्यांच्या शेजारच्या गावांनी आपली माणसे नदीतून वर आणली. त्या क्षणी ग्राहक कोण होता आणि दुकानदार कोण? संकट आले की सारे भाडे-दाम गळून पडतात आणि खाली उरतो तो फक्त यजमान आणि त्याच्या दारी आलेला पाहुणा. नाते मुळात तेच होते. एरवी ते पैशांच्या देवघेवीखाली झाकलेले असते इतकेच.

म्हणून आपलेपणाने हक्क वाढतो की जबाबदारी, या प्रश्नाचे उत्तर देताना संदिग्धता राहत नाही. ज्याच्या भरवशावर आपण आपले प्राण टाकतो, त्याच्यावर हक्क सांगता येत नाही; त्याच्याविषयी कृतज्ञ राहता येते. देव आपला आहे, हे खरेच. पण देवापर्यंत पोहोचविणारी वाट दुसऱ्यांच्या अंगणातून जाते, आणि अंगणातून जाताना पाऊल हलके पडावे.

परतल्यावर

यात्रा आटोपून सोनौलीला परत आल्यावर घड्याळ पंधरा मिनिटे मागे करावे लागते. पण यात्रेत शिकलेले सारे मागे टाकू नये. घरी मावंदे घालताना आपण नातेवाईक, शेजारी, इष्टमित्र यांना बोलावतो. पशुपतिनाथाचा प्रसाद वाटताना पहिला वाटा फाटकावर रात्र जागविणाऱ्या त्या माणसाला द्यावा. कित्येक महिन्यांत, कदाचित वर्षांत, त्याला आपल्या गावी जाता आलेले नसते. आपण त्याचा देश पाहून आलो आहोत. त्याच्या गावाकडचा रस्ता कसा होता, नदीला पाणी किती होते, पीक कसे होते, हे त्याला सांगावे. ते ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल, तेही यात्रेचे फळच समजावे.

यात्रेस निघणाऱ्या सर्व भाविकांचा प्रवास सुखरूप होवो, ज्यांच्या दारी ते जातील त्यांचे घर समृद्ध राहो, आणि जे आपल्या दारी आले आहेत त्यांना येथे मान मिळो, हीच श्री पशुपतिनाथाच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥